प्रतिवादी क्रमांक तीन

दाव्यात माझं नाव तिसरं आहे.
पहिली नगरपरिषद, दुसरे मुख्याधिकारी,
तिसरा मी, हेमंत मुरारी रसाळ,
वय चौतीस, खांद्यावर दोन चांदण्या.
अर्जदार सोनू धाकू शिवलकर, वय त्रेपन्न,
खांदे मोकळे.

कोल्हापूरची तारीख असली
की रत्नागिरीहून आम्ही एकाच एस्टीने जातो.
दुसरी गाडी कोर्टाच्या वेळेला पोचत नाही.
तो खिडकीशी, मी तीन बाकं मागे.
साखरप्याला तो चहा सांगतो, दोन सांगतो.
पैसे ज्याचे त्याने द्यायचे
हे कधी ठरलं, आठवत नाही.

त्याचं म्हणणं साधं आहे.
करारातलं कलम चौदा, बढती ज्येष्ठतेने.
तो माझ्याआधी अकरा वर्षं लागलेला.
ज्येष्ठता यादी लावली ती शिमग्याच्या सुट्टीत,
बंद कार्यालयाच्या दाराला, आतल्या बाजूने.
हरकतीला मुदत सात दिवस.
सातही दिवस तो बंब घेऊन होळ्यांवर,
पालख्यांच्या मागे मागे.

आणि मुंबईच्या कोर्सचं पत्र
त्याच्या नावाने निघालेलं, खणातच राहिलं.
वकील विचारतात, आपल्याला हे माहीत होतं का?
मी म्हणतो, नाही.
खणाची किल्ली माझ्या मावसभावाच्या जानव्याला असते,
हे मात्र कुणी विचारत नाही.

मिरकरवाड्याच्या जेटीला ट्रॉलर पेटला,
तेव्हा मी नोकरीत दीड वर्षाचा.
इंजिनाच्या खोलीत वाट चुकलो.
कॉलर धरून ज्याने वर खेचलं
त्याचा उजवा तळवा तापल्या पत्र्यावर टेकला होता.
अजून गुळगुळीत आहे, काजूच्या सोललेल्या गरासारखा.
हजेरीच्या यंत्राला त्याचं बोट ओळखू येत नाही.
गोपनीय अहवालात नोंद आहे,
'हजेरी अनियमित.'

परवा सड्यावर वणवा लागला.
कलमांना मोहोर, गवत कंबरभर, कातळ तापलेला.
पहाटे चारला वर्दी.
मी पोरांना पूर्वेच्या गडग्याशी उभं केलं,
मतलई पाठीवर, ज्वाळा समुद्राकडे,
पुस्तकात असतं तसं सगळं.
साडेनऊला शिवलकर नळी टाकून
मान वर करून उभा राहिला.
एक आंब्याचं पान हललं नाही.
'मतलई पडली,' तो म्हणाला.
'आता खारा सुटंल. पोरांना काढ भायेर.'
साहेब म्हणाला नाही.
मी घड्याळ पाहिलं. का पाहिलं?
तोवर त्याने शिट्टी मारली होती.
सात पोरं गडगा ओलांडून आली
आणि वारा फिरला.
जिथे ती उभी होती तिथला हेल्मेटचा पट्टा
नंतर सापडला, वितळून दगडाला चिकटलेला.

संध्याकाळी वर्दीचं पुस्तक भरायला घेतलं.
वेळ. ठिकाण. पाणी किती. नुकसान, कलमं एकतीस.
मग तो रकाना,
माघारीचा आदेश कोणी दिला.
मुख्याधिकाऱ्यांचा फोन येऊन गेला होता,
रसाळ, आदेश तुमचाच, बरं का, केस चालू आहे.
मी पेन झटकलं, शाई होती तरी.
बाहेर पोरं बंब धूत होती, हसत होती,
त्यांतल्या एकाचं तुळशीनंतर लग्न आहे.
लिहिलं, 'सो. धा. शिवलकर.'
तीन वेळा वाचलं. खाडाखोड नाही.

सहीला तो आला तेव्हा चष्मा नव्हता त्याच्याकडे.
'कुठं करू?' विचारलंन,
मी बोट ठेवलं तिथे सही केलीन,
वाचलं नाही.
सहीच्या शेजारी राखेचा एक डाग उमटला,
बोटाचा, पण रेषा नसलेला.

एकोणीसला तारीख. वर्दीचं पुस्तक
सोबत आणावं, असा हुकूम आहे.
पिशवीत ठेवलंय. चांदण्याही काढून
त्याच पिशवीत टाकल्या होत्या, पुन्हा लावल्या.
एस्टी साडेपाचची.
त्याला अजून काही सांगितलेलं नाही.