अर्धं शटर

पापाच्या तिकटीपासून बिनखांबी गणपतीपर्यंत
डोळे मिटून चाललो असतो तरी
सकाळी दहाला मला कळायचं, कुठं आलोय.
प्रत्येक शटरचा गळा वेगळा.

पारिसाण्णा उपाध्यांचं कापडदुकान आधी खाकरायचं,
मग छातीएवढं वर येऊन अडायचं.
अण्णा चप्पल काढून त्याला एक लाथ घालायचे
आणि लगेच त्याच शटरला दोन्ही हात जोडायचे.
'दिलावर, ह्याला फार बरं करू नकोस,' म्हणायचे,
'एक दिवस गपचीप उघडलं
तर वाटेल, हे माझं दुकानच नव्हे.'
मी ग्रीस भरायचो, पण जरा हात राखून.

बत्तीस वर्षं हे काम.
वरच्या पत्र्याच्या पेटीत कुणाकडं चिमणीचं घरटं,
कुणाकडं बुडालेल्या उधारीच्या वह्या,
मालकालाही ठाऊक नसलेलं मला ठाऊक.

वैशाखात अण्णांच्या गादीवर बस्ते बांधले जायचे.
गारगोटीच्या एसटीनं चौदा माणसं यायची.
चहा दोनदा, भांडण एकदा,
नवरीची आत्या रुसून पायरीवर बसायची
आणि अण्णा स्वतः उठून
तिच्यासमोर एक घडी उलगडायचे.
कापडाबद्दल अवाक्षर नाही,
फक्त म्हणायचे, 'वारं खेळतंय इथं, बसा निवांत.'

पेठेत कुणी गेलं की शटर अर्धं खाली यायचं.
येणारा जाणारा वाकून विचारायचा, 'कोण?'
आतून नाव यायचं.
आणि त्याच फटीतून अण्णा पांढरं कापड द्यायचे,
मांजरपाट असो, आमच्यातलं कफन असो,
मोजताना गज जरा सैल धरून.
त्या कापडाचा भाव कुणी विचारला नाही,
त्यांनी सांगितला नाही.

आता रस्ता मेला असं मला म्हणवत नाही.
रविवारी पाय ठेवायला जागा नसते.
अंबाबाईचं दर्शन झालं की लोंढा बाहेर पडतो,
मोबाईलची कव्हरं, दोनशेला तीन टी-शर्ट, आईस्क्रीम,
फोटो, आणि गाडी कुठं लावली होती.
व्हटकर चपलांना तेल पाजत बसलेले असतात.
'गर्दी हाय भावा,' म्हणतात, 'गिऱ्हाईक न्हाई.'
एका दुकानाची प्लायवूड मारून चार झाली,
चौघांत मिळून शटर एकच,
किल्लीवाला उशिरा आला
की तिघं फुटपाथवर फोन बघत उभे.
नव्यांना तर मोटर. बटण दाबलं की चढतं.
गळाच नाही त्याला.

अण्णांच्या मागं सन्मतीनं दुकान भाड्यानं दिलं,
पार्सलवाल्यांना.
गादी गेली, कपाटं गेली, खोकी छताला लागली.
शटर दिवसभर अर्ध्यावर.
ऊन येऊ नये, लोक येऊ नयेत,
एवढंच कारण.

पहिल्यांदा गेलो तेव्हा सवयीनं वाकलो.
'कोण गेलं?'
आतल्या पोरानं मान वर केली नाही.
'काका, ओटीपी सांगा.'

पार्सल माझंच होतं.
लक्ष्मीपुरीतलं बोरगाव्यांचं हार्डवेअर
गेल्या दिवाळीत बंद झालं,
स्प्रिंग आता नातू फोनवरून मागवतो.
स्वस्त पडते, खोटं कशाला बोलू.
खरं तर बोरगावे होते तेव्हाही
दोनदा मागवली होती.

पोरानं दोन्ही हातांनी खोकं सरकवलं.
'लै जड हाय ओ, काय हाय ह्यात?'
मी चार आकडे सांगितले.
त्यानं ते टिपले
आणि शटर आणखी वीतभर खाली ओढलं.

तेव्हा ते खाकरलं.

पिशवीत ग्रीसचा डबा होता.
मी काढला नाही.