सहा इंची आरसा

दोन काचांमध्ये ओलं कार्बोरंडम
आणि दस्तगीरमामांचे हात.
मी मोजत होतो, तीनशे अकरा, तीनशे बारा.
मामा मोजत नव्हते.
मिरजेत सतारी करणारा माणूस
काचही कानानं घासतो.
खरखर बारीक झाली की म्हणतो,
"आता फुडची पावडर दे."

हाताच्या उबेनं काच फुगते,
तपासायच्या आधी थांबावं लागतं.
त्या अर्ध्या तासात चहा, आणि माझी बडबड:
धूमकेतू, याने, लहानपणी टीव्हीवर
गर्जत सुटणारी अंतराळजहाजं.
"वर हवा न्हाई म्हणतोस. मग आवाज कुठला?"
नसतोच, मामा. सिनेमावाले घालतात.
हे त्यांना फार लागलं.
एवढं आभाळ,
आणि बिनजवारीचं!

मार्गशीर्षात पुण्याहून
मुलामा चढून आरसा आला.
कुपवाडच्या भंगारातला पाईप,
गच्चीवर टाकी, वाळत घातलेले तुंबे,
आणि त्यांच्यावर शनी.
मामांनी चष्मा कपाळावर सारला, वाकले.
सव्वा तासापूर्वी तिकडून निघालेला उजेड
त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदूला चुकवून शिरला असावा.
कडं दिसतं का?
"हूं."
खाली कुणाच्या तरी वरातीचा बँड चुकत चुकत वाजत होता.
"सरकतंय रे."
तो नाही मामा, आपण.

मग काही न बोलता जिना उतरले.
खाली दिवा लागला.
काल 'झाली' म्हणून बाजूला ठेवलेल्या सतारीची
घोडी काढून घेतली असणार.
भिंगातून शनी केव्हाच निघून गेला होता.
कानस ऐकू येत होती.