परतीचं भाडं

वीस वर्षं मी माणसं नेली एकाच दिशेला.
वहीत आहे सगळं: तारीख, भाडं, गेरच्या भिंती किती,
आणि कंसात, त्या हिवाळ्यात मेंढ्या किती मेल्या ते.
उलानबातरच्या टेकडीवर बिऱ्हाड उतरवायचं
आणि पुढचं आणायला रिकामं निघायचं.
मागचा फळका खडखडत राहायचा रात्रभर.

धुराडी आधी टेकडीच्या पायथ्याला होती,
मग कमरेला, मग खांद्याला.
आता डिसेंबरात टेकडीच दिसत नाही.

परवा खांडजावचा फोन आला.
"परतीचं भाडं काय घेशील?"
मला आकडाच सुचेना.
वीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

दीड तासात घर उतरलं.
लोकर गुंडाळली, जाळीच्या भिंती मिटल्या.
छताचं चाक तिनं जमिनीला टेकू दिलं नाही,
टपावर बांधून घेतलं, आभाळाकडे तोंड करून.
पाण्याच्या रांगेतली जागा मागे राहिली,
दवाखान्याच्या चिठ्ठीवरचा सत्त्याऐंशी नंबर राहिला.
तेमुगेचा खोकला मात्र आला सोबत,
आईच्या मांडीवर, केबिनमध्ये.

शेजारीण पिशवीतलं दूध घेऊन धावत आली,
चाकांमागे शिंपडलं. मग हळूच,
"तिकडे काम आहे ना गं खरंच?"
"लोकरीच्या कारखान्याचं पत्र आहे."
पत्र आहे, एवढंच म्हणाली.

दारखानला नगरपालिकेचा पोरगा नकाशा घेऊन उभा.
इथे शाळा, इथे वीस खाटा, इथे गरम पाणी,
त्याचं बोट भराभर फिरत होतं.
जमिनीवर एक पाया होता, एक नळ, आणि वारा.
मी नळ सोडून पाहिला.
बोट चटकन मागे घ्यावं लागलं.

गेरचं दार दक्षिणेलाच लागतं.
म्हणजे राजधानीकडेच तोंड.
"रोज सकाळी तेच समोर," मी म्हणालो.
"असू दे. दोनशे वीस किलोमीटर आहे,"
ती खुंटी ठोकत म्हणाली,
"इथून धूर दिसत नाही."

रिकामी गाडी घेऊन मी निघालो, या खेपेला शहराकडे.
फळका तसाच खडखडला.
चहाच्या टपरीवर वही उलटी केली,
मागच्या पानापासून लिहायला घेतलं:
एक बिऱ्हाड. पाच भिंती.
कंस उघडला आणि थांबलो.
मेंढ्या तर नाहीत आता.
मग लिहिलं: पोराचा खोकला, अजून आहे.
पुढच्या खेपेला विचारायचं.