निळ्या पट्ट्याची स्लीपर

ऐरोली, सेक्टर आठ, तिसरा मजला.
सासऱ्यांची निळ्या पट्ट्याची स्लीपर
दाराशी दिसली की भुऱ्या फरशीवर.
नसली की सोफ्यावर,
चारी पाय वर करून.

दोनदाच फेकली होती त्यांनी ती.
तेवढ्यात कुत्रा शिकला :
सोफ्यात वाकडं काही नाही,
स्लीपर असताना तेवढं चढायचं नाही.

मीही तेवढंच शिकले.
गुणगुणणं कुठं सुटलं?
आधी दाराकडे बघायचे, इतकंच.

ते जाऊन पाच महिने झाले.
स्लीपर तिथंच. भुऱ्या फरशीवरच.

आज दुपारी पिशवीत कोंबून
खालच्या डब्यात टाकून आले.

वर येते तर हा सोफ्यापाशी,
एक पाय उचललेला,
बघतोय माझ्या हाताकडे.

हातात
नुकतीच काढलेली
माझी चप्पल.