मुदत

चर्चचा लाल विटांचा मनोरा मी टिपू शकतो.
रस्त्यावर उभा राहून. शिडी लावून नाही.
कायदा इतका बारीक, की फोटो काढणाऱ्याचे
पाय कुठे टेकले होते तेही विचारतो.
श्ट्रालझुंडच्या बंदरावर चाळीस वर्षं काढली,
माझे पाय जमिनीवरच होते.

इर्मट्राउड वोलीनचेही होते,
गमबुटात, मासळीच्या पाण्यात.
नोव्हेंबर. वारा असा, की तोंडातला शब्द
ओठांवरूनच पळवून न्यावा.
ती हेरिंग साफ करत होती.
मी कॅमेरा उचलला, तिनं हात उचलला,
दोन्ही एकदमच.

उघडा पंजा, त्याला चिकटलेले खवले,
आणि ढगातून नेमकं तेव्हाच उतरलेलं ऊन.
असा फोटो मला आयुष्यात एकच मिळाला.
‘नाही,’ ती म्हणाली.
मला ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा म्हणाली.
मग सुरी ठेवून, हात एप्रनला पुसून,
जवळ येऊन तिसऱ्यांदा.
मी मान हलवली. फिल्म आत होती.

वकील ब्रुमर म्हणाले, बाई कोपऱ्यात असती,
बोटींसारखी, पक्ष्यांसारखी, बंदराचा एक तुकडा म्हणून,
तर छापता आलं असतं.
म्हणजे लहान असायला हवी होती.
इथे तर बंदरच तिच्या पाठीमागे
अंग चोरून उभं.

पुढे कळलं, तिला बरं नाही. मग कळलं, गेली.
वाईट वाटलं, आणि (लिहूनच टाकतो)
त्याच संध्याकाळी मी ब्रुमरना फोन केला.
‘अजून दहा वर्षं,’ ते म्हणाले,
‘तोवर घरच्यांची परवानगी.’
मुलगी झिल्क, रोस्टॉकला दातांच्या दवाखान्यात.
तिचं उत्तर एका ओळीचं:
आई तीनदा नाही म्हणाली,
घरी येऊन तिनं मोजून सांगितलं होतं.

दहा वर्षांत माझा एक गुडघा बदलला.
मासळीचे गाळे गेले, तिथे आता आइस्क्रीम मिळतं.
ब्रुमर स्वतःच गेले.
मुदत मंगळवारी संपली.

मोठी प्रत काढली, टेबलावर ठेवली,
चष्मा पुसून पाहत बसलो.
इतकी वर्षं मी सांगत आलो, चेहरा बघा, चेहरा.
चेहरा धूसर आहे.
स्पष्ट आहे तो फक्त पंजा,
एकेका रेषेसकट, एकेका खवल्यासकट.
मी काढला होता तो तिचा फोटो नव्हताच.
तिच्या ‘नाही’चा होता.
त्याला मुदत कुठून लावायची?

झिल्कला फोन केला.
‘आता विचारायची गरज उरली नाही ना?’
‘नाही.’
‘मग का विचारताय?’
मला सांगता येईना.
मागे कुठेतरी दात कोरायचं यंत्र चालू होतं, ते थांबलं.
‘मी पाहिलेला नाही तो,’ ती म्हणाली.
‘तुम्ही कधी दाखवलाच नाहीत.’
मग जरा वेळानं,
‘बुधवारी दुपारी दवाखाना बंद असतो.’

बुधवारी आठ चाळीसची गाडी.
पाऊस भुरभुरत होता, फोटोला घालायला पिशवी सापडेना,
तेव्हा कालच्या वर्तमानपत्रात गुंडाळला,
मासळी गुंडाळायचे तसा,
चारी कोपरे आत दुमडून.