ता

आमच्या गल्लीचं नाव वाटाणा.
शेजारची बटाटा, पलीकडची घेवडा.
तार्तू शहराच्या या कोपऱ्याला सगळे सूपवस्ती म्हणतात.
आईला पत्ता दिला तर म्हणाली,
नीट सांग गं, कुरिअरवाला हसेल.

माइवे आणि ऊनो.
घर लाकडी, खालपासून वरपर्यंत कुरकुरणारं,
माणसं अजिबात न कुरकुरणारी.
पहिल्या आठवड्यात ऊनो माझ्याशी तीन शब्द बोलला:
जिना. शेगडी. जिना.
तिसऱ्या पायरीवर मी दोनदा ठेचकाळले होते.

खोली त्यांच्या मुलाची.
नाव इंद्रेक, मला आधी नुसतं इंद्र ऐकू आलं.
तो फिनलंडात, बोटीने दोन तासांवर,
लोकांची घरं बांधतो.
दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा, पुढे वयं:
चार, सात, साडेसात (कुणीतरी हट्ट केला असणार), अकरा.
तेराच्या रेघेशी माझी उंची संपते.
कपाटातला एक कप्पा मला रिकामा करून दिलेला,
बाकीच्यांत त्याचे स्वेटर.
हात लावू नकोस असं कुणी म्हणालं नाही,
म्हणूनच लावता आला नाही.

नोव्हेंबरात दिवस साडेतीनलाच मिटायला लागला.
एका सकाळी ऊनोने काही न बोलता
माझ्या कोटाला दोऱ्याने एक चकाकतं घुबड बांधलं.
गाडीचा दिवा पडला की ते पेटतं.
अंधारात असं काही अंगावर नसेल तर इथे दंड होतो.
घुबडाचा एक पंख लहान दातांनी चावलेला.
आईला फोटो पाठवला नाही.
तिन्हीसांजेला घुबड, तेही परमुलखात,
तिने दृष्ट काढली असती.

काळ्या पावाचा तुकडा माझ्या हातून पडला
तेव्हा माइवेने तो उचलला, ओठांना टेकवला
आणि परत माझ्या ताटलीत ठेवला.
मला अन्नाला पाय लागला तर नमस्कार करायची सवय.
आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता जेवत राहिलो.

भाषेच्या तासाला बाईंनी फळ्यावर विभक्त्या लिहिल्या.
चौदा.
प्रथमा ते संबोधन, आठांतून कशीबशी सुटले होते मी,
इथे आणखी सहा दबा धरून.
त्यातली एक 'सह'ची: पोयागा, मुलासह.
एक 'विना'ची: पोयाता, मुलाविना.
सगळं 'विना' एवढ्याशा शेपटीत: ता.
आणि हाच आवाज सुटा उभा राहिला की माणूस होतो.
ता म्हणजे तो. ता म्हणजे ती.
दोघांना मिळून एकच शब्द, त्यांचं काही अडत नाही.
वहीच्या समासात मी लिहिलं,
मागे लागला तर नसणं, एकटा आला तर असणं.
बाईंनी खाली लाल शाईत लिहिलं,
परीक्षेत असं लिहू नये.

नाताळला इंद्रेक येणार होता.
माइवेने रक्ताची सॉसेजं तळली, आंबट कोबी शिजवला,
मी खात नाही म्हणून माझ्यापुरते बटाटे वेगळे.
टेबलावर चार ताटल्या.
संध्याकाळी फोन आला. काम वाढलं होतं, पैसे दुप्पट होते.
ऊनो उठला, अंगणात गेला
आणि आधीच फोडलेली लाकडं पुन्हा फोडत बसला.
चौथी ताटली रात्रभर तशीच.

फेब्रुवारीतली गोष्ट. उणे एकोणीस.
प्रयोगशाळेतून निघायला नऊ वाजले,
पापण्यांवर बर्फ, घुबड छातीशी लटकतंय.
दार ढकललं. स्वयंपाकघरात माइवे बहिणीशी फोनवर
आणि तिचा आवाज एकदम सैल झाला:
"ता तुली कोयु."

ता घरी आला.
ता घरी आली.
मराठीत मला यातलं एक निवडावं लागतं.

दाराशी बूट मांडलेले असतात,
मोजले असते तर कळलं असतं.
मी खाली बघितलं नाही.
अंधारातच वर निघाले
आणि इतक्या महिन्यांनी
तिसऱ्या पायरीवर ठेचकाळले.

खालून ऊनो म्हणाला,
जिना.