बूच

रात्रपाळी संपवून आले तेव्हा
उशीचा अभ्रा ओला होता,
आणि एसीखालून एक बारीक ओघळ
माझ्या पलंगाचा पत्ता विचारत
भिंतीवरून उतरत होता.

बेलेममध्ये हवाच अर्धी पाणी असते.
आंब्याच्या झाडांखालून चालावं
तर रस्ता अंगाला चिकटतो.
दिवसा झोपणाऱ्या बाईला इथे
एसी म्हणजे तूप नव्हे, मीठ.

सान्तारेंहून भाऊ फोनवर म्हणाला,
"आधी बंद कर, मग पूस.
उलटं केलंस तर शॉक खाशील."
जिल्व्हानला सगळं लांबूनच दुरुस्त करता येतं,
स्वतःचं लग्न सोडून.

जाळी काढली.
तिच्यावर तीन वर्षांचा आळस बसलेला:
केस, पावडर, वॉर्डातून माझ्याबरोबर आलेला कापूस.
"जाळी तुंबली की वारा अडतो,
वारा अडला की आत बर्फ धरतो,
आणि बर्फ सुटला की
पोहायला शीक."
बर्फ नव्हता.
जाळी धुतली, सुकवली, बसवली.
ओघळ तसाच.

"आतली पन्हळ बघ."
टॉर्च दातांत धरून पाहिलं.
काठोकाठ, शेवाळलेली, गप्प.
पाच नंबरच्या खाटेवर
कॅथेटर अडलेला म्हातारा असतो ना,
तशी.
तिथून पुढे मला भावाची गरज नव्हती.
फुगलंय ते वर,
अडलंय ते खाली.

नळी बोटांनी चाचपत गेले:
उतार ठीक, झोळ नाही, पीळ नाही.
मग खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर लोंबले
आणि टोक ओढून घेतलं.

टोकात बूच.
छोटं, सुबक,
चाकूने तासून नळीच्या मापाचं केलेलं.
असं बूच वाऱ्याने उडून येत नाही.

खाली, पत्र्याच्या छपराखाली,
आनाक्लेतो फारियास, घड्याळजी.
सात वर्षं मी त्याच्या डोक्यावर झोपत होते
आणि त्याचं फक्त टक्कल ओळखत होते.
बूच त्याच्या टेबलावर ठेवलं.
त्याने डोळ्यावरचं भिंग काढलं नाही.

"पत्र्यावर थेंब पडतो," म्हणाला,
"पडू दे. पण तो सेकंदाशी जुळत नाही.
कधी पाऊण, कधी सव्वा.
मी इथे लोकांची वेळ सरळ करत बसतो
आणि वरून कुणीतरी
दिवसभर
चुकीचं मोजतं."

भांडायला चांगले धार लावलेले शब्द नेले होते.
ते पर्समध्येच राहिले.
मी म्हटलं, ते पाणी
माझ्या खोलीतल्या हवेचं.
त्यात माझा झोपेतला श्वासही आला.
तो सेकंदाशी जुळत नसणारच.
तेव्हा त्याने भिंग काढलं.

दोन मीटर नळी, तारेचे तीन आकडे.
त्याने स्टूल धरलं,
मी नळी पत्र्याच्या कडेवरून
त्याच्या जांबूच्या कुंडीत सोडली.
ती पालेभाजी, खाल्ली की जीभ बधिर करणारी.
नळीचे पैसे कुणी द्यायचे
यावर थोडं वाजलंच.

जिल्व्हानने परवा विचारलं, काय निघालं?
म्हटलं, नळी तुंबली होती.

बूच मी ठेवून घेतलंय.
व्हिनेगरच्या बाटलीला अगदी बरोबर बसतं.
दर महिन्याला त्यातलं कपभर
पन्हळीत ओतायचं असतं, शेवाळ धरू नये म्हणून.
ओतण्याआधी खिडकीतून खाली हाक मारते:
सेन्योर फारियास,
कुंडी जरा बाजूला घ्या.